सोनपेठकर मास्तरांची पहिली पानं

सोनपेठकर मास्तर गेले तेव्हा शाळेच्या वार्षिकासाठी माझ्याकडे लेख मागितला. मी दोन पानं लिहून दिली. त्यांत मास्तरांचं गणित होतं, त्यांची शिस्त होती, नळावर स्वतः धुतलेलं पांढरं धोतर होतं. लेख छापून आला. भेटेल तो म्हणाला, "पाठकसर, मास्तर अगदी डोळ्यांपुढं उभे केलेत." मला मात्र ते वाक्य ऐकवत नसे, कारण त्या दोन पानांत करीमभाई नव्हते. करीमभाईंना वगळून मास्तर उभे राहतच नाहीत, हे परभणीत मला एकट्यालाच ठाऊक होतं. म्हणून आता पुन्हा पहिल्यापासून लिहितो.

निजामी अमलाची ती शेवटची वर्षं. शाळेत त्रिकोणाला मुसल्लस म्हणायचं, हेडमास्तरांना सदर. मास्तर उर्दूतून गणित शिकवत, मी खालच्या वर्गांना मराठी. स्टेशनच्या वाटेवर एका माळवदाच्या घरात आमच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या, मधे एकच ओसरी. मास्तर एकटे होते. त्यांची बहीण आणि तिचं शेत सोनपेठला. इथं त्यांच्याकडे एक वळकटी, एक कंदील आणि पत्र्याची एक ट्रंक.

त्या ट्रंकेत पुस्तकं होती. पण मास्तरांनी पुस्तक हाती घेतलं की लगेच वाचलंय असं मी कधी पाहिलं नाही. आधी ते दोन्ही हात धोतराला पुसत. मग पुठ्ठा उघडून पहिलं कोरं पान उजेडाकडे धरत आणि दारात पाहुणा उभा असावा तसं त्याला विचारत, "कुणाकडून आलात? कुणाकडं निघाला होतात?"

पुस्तक ट्रंकेत जायचं तर दोन अटी होत्या. ते पहिल्या आवृत्तीचं हवं आणि एका लेखकानं ते दुसऱ्या लेखकाला, आपल्या मित्राला, स्वतःच्या हातानं चार शब्द लिहून दिलेलं हवं. नुसती सही चालत नसे. 'सप्रेम भेट' एवढंच असलं तरी मास्तर नाक मुरडत. "हे तर वाणीसुद्धा दिवाळीला लिहितो."

"पहिलीच आवृत्ती कशाला पण?" मी एकदा विचारलं.

"कारण तवा लेखक भ्यालेला असतो, पाठक. लोक हसतील का, पुस्तक खपंल का, बायको काय म्हणंल. अशा टायमाला तो पहिली प्रत मित्राला देतो. अक्षर बघा, हात कापलेला दिसतो. दुसऱ्या आवृत्तीला हात कापत न्हाई. मग ती घेऊन मला काय करायचंय?"

माणसांनाही ते हीच फूटपट्टी लावत. आमचे सदर एके काळी साधे होते आणि बढती मिळाल्यावर फुगले. त्यांच्याविषयी मास्तर म्हणत, "पहिली आवृत्ती बरी होती. ही सुधारून वाढवलेली." मला कोणती आवृत्ती म्हणत असतील, असं तेव्हाही मनात येई. विचारायचा धीर झाला नाही.

त्यांचा खरा ध्यास जोड्यांचा. एकानं दुसऱ्याला दिलेलं पुस्तक सापडलं की ते अर्धंच झालं. दुसऱ्यानं उलट भेट दिलेलं पुस्तक सापडून दोन्ही एकमेकांना टेकून ट्रंकेत बसली की मास्तर म्हणत, "लागली जोडी." उन्हाळ्याच्या सुट्टीत ते इंग्रजी मुलखात, म्हणजे पुण्या-नगराकडे जात आणि रद्दीच्या दुकानांतून धुळीनं माखून परत येत. मित्रांनी मित्रांना दिलेली पुस्तकं बहुतेक रद्दीतच सापडतात, हे सांगताना त्यांचा आवाज खाली जाई. "माणूस मेला की पोरं पहिलं कपाट रिकामं करतात."

कवी पिंगळीकर आणि कादंबरीकार टाकळकर ही जोडी त्यांना सगळ्यांत प्रिय. दोघेही आपल्याच भागातले, दोघेही फारसे कुणाला माहीत नसलेले. पिंगळीकरांनी आपल्या पहिल्या कवितांवर लिहिलं होतं, "टाकळकरास. तू वाचणार नाहीस हे ठाऊक असून." टाकळकरांचं उत्तर कुठं सापडेना. शेवटी कुणीतरी सांगितलं की टाकळकरांची मावशी पोखर्णीला, नरसिंहाच्या देवळामागं राहते. मास्तरांनी मला ओढत बैलगाडीनं नेलं.

म्हातारी धान्य निवडत बसली होती. तिच्या शेजारी ज्वारीची भली मोठी कणगी, आणि कणगीच्या एका अंगाला टेकण म्हणून विटा, विटांवर पुस्तक. मास्तर खाली बसले, मान वाकडी करून पाठीवरचं नाव वाचलं आणि एकदम घामाघूम झाले.

"मावशी, हे पुस्तक मला द्याल का?"

"न्या की. पर त्या जाग्याला दुसरं कायतर ठिवून जा. कणगी डुलायलीय माजी."

मास्तरांनी पिशवीतून स्वतः लिहिलेलं अंकगणित काढलं. हो, मास्तरांचंही एक पुस्तक होतं. लहान वर्गांसाठी उर्दूत लिहिलेलं, हैदराबादेत छापलेलं. एक प्रत पुरेना, म्हणून दोन रचल्या. म्हातारीनं कणगी हलवून पाहिली. "आता कसं! हे बुक चांगलं हाय. घट हाय."

"बघा पाठक," मास्तर परतताना म्हणाले, "माझ्या पुस्तकाचा कुठंतरी उपेग झाला." आणि मांडीवरची कादंबरी उघडून त्यांनी पहिलं पान माझ्यापुढं धरलं. टाकळकरांनी लिहिलं होतं, "पिंगळीकरा, वाचल्या तुझ्या. दोनदा. आता तू माझी वाच म्हणजे फिटंफाट." भेट द्यायची राहूनच गेली होती. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि गाडीवान मागं वळून वळून पाहत होता.

सापडलेलं पुस्तक आधी जाई करीमभाईंकडे. करीमभाई जिल्दसाज, म्हणजे पुस्तकं बांधणारे. शाळेच्या रस्त्याला त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा आणि कोळशावर कायम रटरटणारं, पुठ्ठे चिकटवायच्या सरसाचं भांडं. त्या सरसाचा वास लांबूनच येई. मास्तर आणि ते एका वयाचे. रोज शाळा सुटली की मास्तर त्या फळीवर बसत आणि दोघं एकमेकांना टोमणे मारत.

"काय मास्तरसाब, आज कुणाची मयत आणली?"

"मयत न्हाई, जखमी हाय. आणि कात्री जपून चालवा. गेल्या वेळी कडा कापता कापता कवितेची शेपटी छाटलीत."

"लांब होती. म्हणलं कवीवर उपकार करावा."

पण त्या पहिल्या पानाला करीमभाई कात्री लावत नसत. पुस्तक कितीही फाटलेलं असो, ते पान आधी अलगद सोडवून फडक्याखाली ठेवायचं, जिल्द झाली की पुन्हा जागेवर, कडेला नखाएवढाच सरस लावून. जोडीचं प्रकरण मास्तरांनी त्यांना समजावलं तेव्हा ते हसत म्हणाले होते, "मग हे पान म्हंजे निकाहनामा झाला की." पुढं दोघंही तोच शब्द वापरू लागले. "निकाहनामा जपा." "जपायलोय की."

मास्तरांनी आपल्या अंकगणिताची पहिली प्रत कुणा लेखकाला दिली नव्हती. ती करीमभाईंना दिली होती. वर उर्दूत लिहिलं होतं, "करीमभाईंना. हिशेब चुकला तर सांभाळून घ्या." करीमभाई ती प्रत गिऱ्हाइकांना दाखवत आणि मास्तरांना चिडवत, "तुमची ही जोडी काय लागायची न्हाई. माजं पुस्तक कुठंय तुमाला द्यायला? मी नुसते पुठ्ठेच लिवतो."

मग झडत्यांचे दिवस आले. त्यांविषयी पुष्कळांनी लिहिलं आहे; मी फक्त आमच्या ओसरीपुरतं सांगतो. पेडगावच्या एका मास्तरांच्या घरात अमीन शिरला, म्हणजे तेव्हाचा फौजदार. छापील पुस्तकांकडे त्यानं पाहिलंही नाही. एका मराठी पुस्तकावर हातानं लिहिलेलं नाव होतं, त्यावर बोट ठेवून विचारलं, "ये कौन? रहता कहाँ?" नाव निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीपलीकडे गेलेल्या माणसाचं निघालं. त्या मास्तरांची नोकरी गेली, आणि मग तेही काही दिवस दिसेनासे झाले. हे कळल्यापासून रस्त्यात बूट वाजले की मी दार लावून घेई. टाकळकर पलीकडे गेले होते, हे साऱ्या गावाला माहीत होतं. आणि शेजारच्या खोलीत ट्रंकभर हातानं लिहिलेली नावं होती. बायको दिवसातून दहादा विचारायची, "ती पेटी अजून तिथंच हाय का हो?"

त्यातच सोनपेठहून सांगावा आला की बहीण अंथरुणाला खिळली आहे. निघताना मास्तरांनी ट्रंकेची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "फारच भ्या वाटलं तर करीमभाईंकडं नेऊन ठेवा. त्यांना म्हणावं, वरून उर्दू पुठ्ठे चढवा. जिल्दसाजाच्या दुकानात पुस्तकाला कोण पुसतंय?"

ते गेल्यावर मी धीर धरला असं म्हणवत नाही. दुसऱ्याच दिवशी भर दुपारी, शाळेची पुस्तकं म्हणून, ट्रंक हातगाडीवर घालून दुकानात नेली. करीमभाईंनी उर्दू पुठ्ठ्यांचं लगेच कबूल केलं. तेवढ्यावर मी उठायला हवं होतं. पण ट्रंक मी आणली, रस्त्यानं चार लोकांनी पाहिलं, हे डोक्यातून जाईना. पुठ्ठे कसलेही असोत, अमीन आत उघडून पाहणार. मी म्हणालो, "करीमभाई, हातानं लिहिलेली पानं काढून टाका."

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. "निकाहनामे? तौबा करा पाठकसाब. माजा हात न्हाई चालायचा."

"मास्तरांनीच सांगितलंय."

ते शब्द तोंडातून कसे निघाले ते मला आजही समजत नाही. ठरवून आलो नव्हतो. करीमभाईंनी हातातली सुई खाली ठेवली.

"मास्तरसाब असं म्हणले? तोंडानं?"

"तोंडानं. जाताना. तुमचाही जीव धोक्यात घालायचा नाही म्हणाले."

हे शेवटचं वाक्य मी आणखी जोडलं. त्यानं ते फसले. मग म्हणाले, "मास्तरसाबचं काळीज फाटलं असंल हे सांगताना." आणि त्यांनी एकेक पान काढायला घेतलं. ओरबाडलं नाही, नेहमीसारखंच अलगद सोडवलं, फडक्यावर एकावर एक ठेवलं. सवयच ती. टाकळकरांचं पान वर होतं.

"ह्यांचं काय करू?"

मी सरसाच्या भांड्याखालच्या कोळशांकडे पाहिलं. बोललोही नाही. त्यांनी माझी नजर पाहिली आणि पानं कोळशांत सारली. भांडं उकळलं. त्याच सरसानं त्यांनी त्या पुस्तकांना पुठ्ठे चिकटवले.

त्या दुकानाची झडती कधी झालीच नाही.

निजामी गेली. पोलीस अ‍ॅक्शननंतर काही आठवड्यांनी बहिणीला जरा बरं वाटल्यावर मास्तर परतले. आल्या आल्या, धूळसुद्धा न झटकता म्हणाले, "चला पाठक, पोरं घरी आणू." मी पायांत गोळे आल्याचं निमित्त केलं. ते ऐकेनात.

करीमभाईंचं दुकान एका फळीएवढं उघडं होतं. निजामीचा सूड मुसलमानांवर उगवला जात होता आणि त्या दिवसांत त्यांच्या मोहल्ल्यात दिवसाउजेडीही दारं लागलेली असत. नवीन कुणी दिसलं की माणसं आत सरत. मास्तरांना पाहून मात्र ते फळी ओलांडून बाहेर आले. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. मग पुस्तकं बाहेर निघाली. मास्तरांनी हात पुसले, पहिलं उघडलं, उजेडाकडे धरलं. दुसरं उघडलं. तिसरं. त्यांचा हात पुस्तकाच्या आतल्या कडेवरून फिरत राहिला, दात पडलेल्या जागेवरून जीभ फिरते तसा.

"करीमभाई, पानं?"

"तुमीच तर निरोप धाडला, मास्तरसाब. ह्यांच्या तोंडी."

मास्तर माझ्याकडे वळले. "होय, पाठक?"

रस्त्यावर ऊन होतं. पलीकडे दोन पोरं टायर पळवत होती. मी म्हणालो, "मी फक्त पुठ्ठे चढवा म्हणालो होतो."

करीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. चिडून पाहिलं असतं तर बरं झालं असतं. आपण कुठल्या दिवसांत उभे आहोत, कुणाचा शब्द आज चालतो आणि कुणाचा नाही, याचा अंदाज घेतल्यासारखं पाहिलं. मला आणि त्यांना दोघांनाही तो अंदाज एकाच क्षणी आला. मग ते खाली बघत म्हणाले, "मग माजंच चुकलं असंल. ऐकण्यात फरक पडला."

मास्तरांनी पुस्तकं ट्रंकेत भरली आणि आम्ही परत आलो. त्यानंतर शाळा सुटली की ते दुसऱ्या रस्त्यानं घरी येऊ लागले.

ट्रंक तशीच राहिली. उर्दू पुठ्ठेही त्यांनी बदलले नाहीत. कुणी म्हणालं, तुम्हाला तर सगळं पाठ आहे, पुन्हा लिहून काढा, तर म्हणत, "लिहीन की. पण अक्षर माझं असंल ना? माझा हात कशाला कापंल?" माणसांच्या आवृत्त्या सांगणं त्यांनी बंद केलं. मी मात्र त्यांची जास्तच काळजी घेऊ लागलो. बायकोकरवी भाकरी धाडायची, पाणी भरून द्यायचं. ते म्हणत, "पाठक, तुमी होता म्हणून." हे ऐकायला लागू नये म्हणून मी ओसरीवर बसायचं टाळू लागलो.

थंडीच्या सुमाराला करीमभाई दुकान मोडून निजामाबादेला जावयाकडे गेले. जाताना समोरच्या चहावाल्याकडे मास्तरांसाठी एक पुडकं ठेवून गेले. मास्तर ते पुडकं घेऊन आले तेव्हा मी ओसरीवरच होतो. आत अंकगणिताची ती प्रत होती. करीमभाईंनी तिला नवी चामड्याची जिल्द केली होती, त्यांच्या हातची मी पाहिलेली सगळ्यांत देखणी. मास्तरांनी हात पुसले आणि पुठ्ठा उघडला. पहिलं पान जागच्या जागी होतं. "हिशेब चुकला तर सांभाळून घ्या." कडेला नखाएवढाच सरस.

मास्तर कितीतरी वेळ त्या कडेकडे पाहत बसले.

"पाठक, ज्यानं माझं हे भिकारडं पान इतकं जपलं, तो पिंगळीकरांचं पान आपल्या मनानं काढंल?"

"भ्याले असतील," मी म्हणालो.

"भ्याले असतील. त्या दिवसांत कोण भ्यालं नव्हतं?" ते माझ्याकडे पाहत नव्हते. पुस्तकाकडेच पाहत होते. "उद्याच्या गाडीनं निजामाबादेला जातो."

सकाळी मी ट्रंक घेऊन त्यांच्याबरोबर स्टेशनवर गेलो. होय, ट्रंकही त्यांनी बरोबर घेतली. डब्यात मी ती बाकाखाली सरकवली आणि खाली उतरलो. मास्तर खिडकीशी बसले. चामड्याचं पुस्तक मांडीवर होतं. गार्डानं हिरवा बावटा काढला तेव्हा ते खिडकीतून वाकले आणि नेहमीच्या, वर्गात उत्तर विचारताना असायच्या त्याच शांत आवाजात म्हणाले,

"करीमभाईंना काही निरोप हाय का तुमचा?"

एवढंच. वर काही नाही, खाली काही नाही. मला वाटतं ते थांबले होते. इंजिनाची शिटी झाली तरी ते वाकलेलेच होते.

"नाही," मी म्हणालो. "माझा कसला निरोप."

"बरं."

गाडी हलली. मास्तर आत सरकले. त्यांनी धोतराला हात पुसले, पुठ्ठा उघडला आणि ते पान खिडकीच्या उजेडाकडे धरलं. मागचे डबे आडवे येईपर्यंत मला ते पान दिसत होतं.

परत ते परभणीला आले नाहीत. बदली मागून घेतली आणि परस्पर सोनपेठला गेले. निजामाबादेत त्यांची भेट झाली का, कोण काय म्हणालं, मला ठाऊक नाही. सोनपेठ काही लांब नाही, एस.टी. जाते. पण विचारायला गेलो असतो तर आधी सांगावं लागलं असतं.

करीमभाई हयात आहेत का, तेही मला माहीत नाही. असतील आणि कुणी त्यांना हे वाचून दाखवील तर त्यांच्यासाठी माझा निरोप असा आहे: तुमच्या ऐकण्यात फरक पडला नव्हता. मास्तरांनी तसं कधीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.